ढगांच्या वर, चुलीच्या कडेला



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही व्हिएतनामला जाणार हे कळलं, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी एकच सवाल केला, "तिथे खाणार काय?" बघणार काय, हे कुणीच विचारलं नाही. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, उत्तरादाखल एक पिशवीच भरली. तांदळाचं पीठ, घरचा मसाला, कैरीचं लोणचं, एक तवा आणि एक पातेलं. तवा बघून आमची सानिया कपाळाला हात लावून म्हणाली, "दादी, आपण पहाड बघायला चाललोय, चूल मांडायला नाही."

सानिया यंदा अकरावीला आहे. या वयात मुलांना आपण चारचौघांत वेगळे दिसू नये असं फार वाटतं. हॉटेलात बसलो की "यात काय आहे? तेल कसलं? मांस कुठलं?" हे आम्ही विचारणार आणि ती मान खाली घालून मेनूकार्डात तोंड लपवणार, हे नेहमीचंच. गावातल्या एका घरी मुक्काम ठरवताना सानियाच्या अब्बांनी निरोप पाठवला: आम्ही डुक्कर खात नाही, तिथलं मांस खाणार नाही, डुकराची चरबी चालणार नाही, दारू घेत नाही, भाजी-भात-अंडी असली तरी पुरे. तो वाचून सानिया चिडली. "जायच्या आधीच एवढी यादी? लोक काय म्हणतील? दर वेळी आपणच का विचारायचं?"

तेव्हा आमच्याकडे नीट उत्तर नव्हतं.

जुम्मा हनोईत मिळाला. जुन्या शहरात हांग लुओक नावाच्या रस्त्यावर अल्-नूर मशीद आहे. १८९० च्या सुमारास व्यापारासाठी तिथे गेलेल्या हिंदुस्तानी मुसलमानांनी ती उभारली. त्या काळी बोटीतून गेलेल्या त्या व्यापाऱ्यांनीही बाजारात "यात काय आहे?" असं रोज विचारलंच असेल, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

दुपारी निघालो. २०१४ साली हनोई ते लाओ कायचा द्रुतगती रस्ता झाल्यापासून डोंगरातलं सा पा सहा तासांच्या आत येतं. सा पा सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. फ्रेंचांनी ते आपल्या महाबळेश्वर-माथेरानसारखं थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. वाटेत एका टपरीवर सानियाच्या अब्बांनी दोन बोटं ओठांशी नेत "चाय, चाय" असं सांगितलं. बाईंनी हसून मान डोलावली आणि दहा मिनिटांनी सोयाबीनच्या पनीराची, म्हणजे टोफूची, वाफाळती थाळी आणून ठेवली. व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे मांसाशिवायचं, शाकाहारी जेवण! अल्लाहने भुकेल्या माणसाच्या तोंडी बरोब्बर शब्द दिला होता. त्या दिवसापासून 'आन चाय', म्हणजे 'शाकाहारी खातो', हा आमचा परवलीचा शब्द झाला. चहा मात्र त्या दिवशी राहिलाच.

शनिवारी सकाळी फान्सिपान. हा डोंगर ३,१४३ मीटर उंच मानला जातो. २०१९ च्या मोजणीत तो ३,१४७ मीटरच्या थोडा वरच भरला. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. २०१६ पासून वर जायला रोपवे आहे. लांबी ६,२९२ मीटर, आणि खालच्या-वरच्या स्थानकांत १,४१० मीटरांचा फरक. पूर्वी चालत जायला दोन दिवस लागत, आता पाव तासात माणूस वर पोचतो. अम्मींना गुडघ्यांचा त्रास, म्हणून आम्हाला ही सोय फार मोलाची वाटली.

खाली धुकं इतकं होतं की पुढचा पाळणा दिसेना. खाली भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांची अंधुक रेघ दिसली आणि पुसली गेली. अम्मी तसबीह ओढत बसल्या. आणि मग एकाएकी ऊन! पाळणा ढगातून वर आला होता. खाली पांढरं शुभ्र पसरलेलं, जणू कुणी पिंजून ठेवलेला कापूस, आणि त्यातून काळ्या डोंगरांची टोकं बेटांसारखी वर आलेली. आमच्यातली मास्तरीण जागी झाली. सानियाला सांगितलं, रात्री दरीत थंड, दमट हवा साचते, तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं, मग ढग खालीच अडकतात. झाकणाच्या वर गेलं की आकाश मोकळं. अम्मी एवढंच म्हणाल्या, "सुभानअल्लाह. रोज आपण ढगाच्या खालून आभाळाला नावं ठेवतो."

स्थानकापासून शिखरापर्यंत सहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. हवा विरळ, दर वीस पावलांवर श्वास घ्यायला थांबावं लागतं. या उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळतं, म्हणून भात-डाळ लवकर शिजत नाही, हेही सानियाला ऐकावं लागलं. खाली येऊन जोहर आणि असर जमा करून पढली. किब्ल्याची दिशा शोधताना गंमत वाटली. मक्का आणि हा मुलूख जवळपास एकाच अक्षांशावर. किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, म्हणजे आपल्या घरी असतो साधारण तसाच.

संध्याकाळी सा पाच्या रस्त्यावर निखाऱ्यांवर रताळी, मक्याची कणसं, अंडी भाजत ठेवलेली दिसली. बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भातही होता, त्याला 'कोम लाम' म्हणतात. नळी सोलली की भाताभोवती बांबूचा पातळ पापुद्रा राहतो. तो तीळ-शेंगदाण्याच्या मिठात बुडवून खायचा. 'सू-सू' नावाच्या वेलाचे कोवळे शेंडे लसूण घालून परततात. फक्त परतण्याआधी तेलाचं विचारायचं, कारण डोंगरात डुकराची चरबी वापरायची रीत आहे. या थंड पाण्यात आता सामन आणि ट्राउट मासेही पाळतात. माशाला जबिहाचा प्रश्न नाही. कोकणातल्या माणसाला मासा मिळाला की त्याचा अर्धा प्रवास सुखाचा!

रविवारी पहाटे बाक हाच्या बाजाराला निघालो. हा बाजार रविवारी भरतो आणि आजूबाजूच्या डोंगरांतून हमोंग, दाओ, ताय, न्हुंग अशा जमातींची माणसं उतरतात. व्हिएतनाममध्ये सरकारदरबारी ५४ जमाती मानल्या जातात. हमोंग बायकांचे भरतकाम केलेले रंगीत घागरे बघून अम्मी प्रत्येकीच्या मागे टाक्यांचा हिशेब करत चालल्या होत्या. पानांच्या रसांनी रंगवलेला पाच रंगांचा चिकट भातही तिथे मांडलेला होता.

बाजाराच्या एका टोकाला मोठमोठ्या कढयांत 'थांग को' शिजत होतं. हमोंग लोकांचा हा जुना पदार्थ. घोड्याचं मांस, आतडी, काळीज असं सगळं मसाल्यात तासन् तास उकळतात. सोबत मक्याची दारू. थंडीच्या, कष्टाच्या मुलखात जनावराचा एकही भाग वाया न घालवणारा हा स्वयंपाक आहे. सानियाने हळूच विचारलं, "घोडा हलाल आहे का?" आम्ही शाफई. आमच्या मसलकात घोड्याचं मांस जायज आहे, इमाम अबू हनीफांनी ते मकरूह म्हटलं आहे. पण इथे जबिहाच नाही, म्हणून तो प्रश्न आमच्यापुरता आधीच मिटलेला. एका म्हाताऱ्या बाबांनी प्रेमाने वाटी पुढे केली. छातीवर हात ठेवून, मान लववून आम्ही नको म्हटलं. त्यांनीही मान लववली आणि वाटी स्वतःच संपवली. सानिया मात्र चार पावलं लांब उभी होती.

दुपारी गावातल्या घरी पोचलो. मातीच्या भिंती, मधोमध चूल, माळ्यावर टांगलेली कणसं. घरची बाई चाळिशीची, आमच्याच वयाची. तिची मुलगी तालुक्याच्या शाळेत शिकते. घरी हमोंग बोलते, शाळेत व्हिएतनामी शिकते, आणि आमच्याशी फोनमधल्या भाषांतराच्या मदतीने बोलत होती. घरी एक भाषा, फळ्यावर दुसरी. आमच्या शाळेतल्या उर्दू बोलणाऱ्या, मराठी लिहिणाऱ्या पोरांची आठवण झाली.

मुलीच्या आईने चुलीवर भांडं चढवलं आणि सानियाने आम्हाला कोपर मारलं. पातेलं कोरं करकरीत होतं, बुडाशी दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. मुलीने फोन पुढे केला. आमचा निरोप वाचून त्या घराला एकच अडचण वाटली होती: घरातली सगळी भांडी डुकराच्या चरबीची. मग आई सकाळी बाजारातून नवं पातेलं, नवा झारा आणि शेंगदाण्याचं तेल घेऊन आली होती. एवढंच. यादीचा राग नाही, नवल नाही. पाहुण्याने काय चालत नाही ते सांगितलं, म्हणून काय करायचं ते कळलं.

सानिया त्या लेबलाकडे बघत राहिली.

जेवायला पांढरा भात, उकडलेला भोपळा आणि त्याचे शेंडे, अंड्याची भुर्जी. जेवता जेवता अम्मींची नजर कोपऱ्यात गेली. तिथे दगडी जातं होतं. दोघींनी मिळून ढकलायचा लांब लाकडी दांडा त्याला लावलेला. शेजारी कपड्याने झाकलेलं लाकडी भांडं. अम्मींनी विचारलं तशी ती मुलगी पटकन भांड्यासमोर जाऊन उभी राहिली. फोनवर उमटलं: "हे पाहुण्यांसाठी नाही. हे आम्ही खातो."

ते होतं 'मेन मेन'. मका जात्यावर दळायचा, चाळायचा, पाण्याचा हबका मारून लाकडी भांड्यात वाफवायचा. मग गुठळ्या फोडून, पुन्हा पाणी शिंपडून दुसऱ्यांदा वाफवायचा. खडकाळ उतारावर, जिथे भाताचा वाफा करता येत नाही, तिथे मकाच पिकतो. पिढ्यान् पिढ्या हमोंग घरांचं पोट यावरच भरलं. म्हणूनच ते गरिबाचं अन्न. पाहुण्यापुढे पांढरा भात.

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आम्हाला म्हणाल्या, "तिला सांग, मुंबईचे पाहुणे आले की माझी आई नाचणीची भाकरी फडताळात लपवायची. पाहुण्यांना तांदळाची. आम्ही पोरं आत बसून नाचणीची खायचो आणि आवाज करायचो नाही." सानियाने हे फोनवर एकेक वाक्य करून सांगितलं. मुलगी आईला सांगत गेली. आई ऐकताना हसली, मग तिने पदर नसलेल्या बाहीनेच डोळे टिपले.

लाकडी भांड्यात मक्याशिवाय काही जात नाही, हे विचारून घेतलं. या वेळी विचारलं ते सानियाने. नव्या पातेल्यात पाणी उकळून त्यावर लाकडी भांडं बसवलं, दुसरी वाफ दिली. मेन मेन कोरडं, रवाळ, थोडं गोडसर. घशात अडकतं, म्हणून भोपळ्याच्या पाण्यात कालवून खायचं. आपल्या कण्यांची सख्खी बहीण. अम्मींनी लोणच्याची फोड काढली, त्या बाईंनी ती जिभेला लावून डोळे घट्ट मिटले आणि दुसरी मागून घेतली. रात्री आमच्या तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. त्या घरातल्या मुलीने पहिली भाकरी फाडली, दुसरी थापली, तिसरी फुगली.

वाचकहो, आम्ही मुलांना हलाल-हराम शिकवतो. पण विचारताना मान खाली घालू नये आणि नको म्हणताना समोरच्याची मान खाली जाऊ देऊ नये, हे शिकवायचं राहून जातं. विचारण्यात लाज नाही. लाज असेल तर ती दुसऱ्याच्या ताटाकडे नाक मुरडण्यात आहे. त्या म्हाताऱ्या बाबांची वाटी आम्ही खाल्ली नाही, पण तिला नावंही ठेवली नाहीत. आणि खरं सांगायचं तर, आपल्या घरातल्या नाचणीला आम्हीही कित्येक वर्षं फडताळातच ठेवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मुक्काम ठरवतानाच आपलं खाणं साध्या शब्दांत लिहून कळवा आणि ते व्हिएतनामी भाषेत कागदावर लिहून जवळ ठेवा. एक छोटं पातेलं न्या. नोव्हेंबरात गरम कपडे न्या, ढगांच्या वर ऊन असलं तरी वारा बोचतो. आणि सा पाच्या रस्त्यावर शाळेच्या वेळात लहान मुली बांगड्या-पट्ट्या विकायला येतात. त्यांच्याकडून घेऊ नका, त्यांच्या आयांकडून घ्या. मूल विकून कमावू लागलं की त्याची शाळा सुटते, हे आम्ही मास्तर लोक जाणतो.

परतीच्या वाटेवर त्याच टपरीवर गाडी थांबली. आम्ही तोंड उघडण्याआधी सानिया पुढे गेली आणि मोठ्याने म्हणाली, "आन चाय!" मग मागे वळून म्हणाली, "अम्मी, चहाला काय म्हणतात ते आता तुम्ही विचारा."

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.