दुखायचं थांबलं, पण पाय तयार झाला का?

एप्रिल संपत आला की नोव्हाय आणि आसपासच्या मैदानांवर क्रिकेट सुरू होतं, आणि पहिल्या दोन-तीन वीकेंडांतच कुणाचा तरी हॅमस्ट्रिंग जातो. त्यात नवल नाही. मिशिगनचा हिवाळा म्हणजे नोव्हेंबरपासून खुर्ची, गाडी आणि सोफा. त्यातून उठून चाळिशीचा माणूस एकदम लांब रन-अप घेऊन बोलिंग टाकू लागला, तर मांडीमागचा स्नायू तो ताण सोसणार कुठून? मला खटकतं ते पुढचं. पुण्याहून आई फोनवर आंबेहळदीचा लेप सुचवते, मित्र म्हणतो एमआरआय काढून टाक, आणि पीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं: त्यात काय, चार व्यायाम सांगतील, ते यूट्यूबवरही आहेत. तीन आठवड्यांनी दुखायचं थांबतं, गडी मैदानात उतरतो, आणि जुलैत तोच पाय धरून पुन्हा खाली बसतो.

खेळातल्या बहुतेक दुखापतींवर फिजिओथेरपी हाच मुख्य उपचार आहे, आणि दुखणं थांबल्यावर त्याचा निम्मा भाग अजून करायचा राहिलेला असतो, असं मी ठामपणे मांडते आहे. याविरुद्ध जे जे बोललं जातं, ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप विश्रांतीवाल्यांचा. दुखतंय तर हलवू नका, बर्फ लावा, पाय उंच ठेवा. हा सल्ला ज्यांच्या नावावर रूढ झाला त्या डॉ. गेब मर्किन यांनी तो १९७८ साली आपल्या पुस्तकात मांडला, आणि २०१४ मध्ये त्यांनीच जाहीरपणे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. कारण समजायला अवघड नाही. फाटलेल्या स्नायूत नवे तंतू तयार होतात, पण ते ओढीच्या दिशेनं नीट जुळायला आणि बळकट व्हायला ओढ मिळावी लागते. प्लास्टरमधून काढलेला पाय पाहिला असेल, तर काही आठवड्यांत मांडी किती बारीक होते हे कुणाला सांगायला नको. पहिले दोन-तीन दिवस जपा. लेपानं बरं वाटत असेल तर लेपही लावा, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण नंतर त्या पायाला काम द्यायला हवं, मोजून आणि वाढवत.

हे मोजणंच यूट्यूबला जमत नाही. टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस, दुखणाऱ्या धावकांचं उदाहरण घ्या. स्वीडनचे हॉकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी खेळाडूंवर एक व्यायाम करून पाहिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा टेकवायचा, दोन्ही पायांवर उंच व्हायचं आणि फक्त दुखऱ्या पायावर भार घेत टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन संच, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन भरायचं. थोडं दुखलं तरी थांबायचं नाही. ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. आता याच व्यायामाचा यूट्यूबवरचा व्हिडिओ अशा माणसानं लावला, ज्याची शीर मधे नाही तर थेट टाचेच्या हाडाला चिकटते तिथे दुखते. टाच पायरीखाली नेल्यानं ती जागा हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. त्यानं तोच व्यायाम सपाट जमिनीवर करायचा असतो. तक्रार दोघांची एकच, टाच दुखते. फरक बोटानं चाचपून आणि चालवून पाहणाऱ्याला कळतो. अमेरिकेत हे पाहणारा माणूस पदवीनंतर तीन वर्षांची डॉक्टरेट करून आलेला असतो, आणि आपल्याकडे तर मुंबईच्या केईएममध्ये १९५० च्या दशकापासून हे शास्त्र शिकवलं जात आहे. त्याला 'शेक देणारा' समजणं हा शुद्ध अन्याय आहे.

मग येतो एमआरआय. फ्रेमिंगहॅम इथल्या मध्यमवयीन आणि वयस्क लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघेदुखी झालेलीच नव्हती. म्हणजे चित्रात दिसलं तेच दुखतं असं धरून चालता येत नाही. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला की ऑपरेशन अटळ, हीही अशीच समजूत. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले: एकाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज भासली तरच ऑपरेशन. २०१० मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे साठ टक्क्यांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. याचा अर्थ ऑपरेशन निरुपयोगी असा मी काढत नाही. गुडघा अडकून बसतो, व्यायाम करूनही वळताना दगा देतो, तेव्हा ते करावंच लागतं. आपल्या शेजारच्या प्लिमथचा एडन हचिन्सन घ्या. डेट्रॉइट लायन्स या फुटबॉल संघाकडून टेक्सासमध्ये खेळताना १३ ऑक्टोबर २०२४ ला त्याच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. तिथेच शस्त्रक्रिया झाली. पण तो मैदानात परतला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, जवळजवळ अकरा महिन्यांनी. क्रिकेटपटू ऋषभ पंत डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर मार्च २०२४ मध्ये खेळला. शस्त्रक्रियेला काही तास लागतात, बाकीचे महिने कशात जातात हे आपण विचारत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. डिडक्टिबल भरेपर्यंत पैसे खिशातून जातात आणि विमा भेटींवर मर्यादा घालतो. त्यातून काही ठिकाणी एकाच वेळी तिघांना गरम पॅक आणि विजेचा झटका लावून बिल हाती दिलं जातं. त्या प्रकाराची वकिली मी करणार नाही, तिथून उठून यावं. पण १ जानेवारी २०१५ पासून मिशिगनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओकडे जाता येतं, २१ दिवस किंवा १० भेटी, जे आधी पूर्ण होईल तोवर. विमा कंपनीला चिठ्ठी लागते का, एवढं फोन करून विचारून घ्या. आणि आठवड्यातून तीनदा जायलाच हवं असं नाही. दोन आठवड्यांतून एकदा नीट तपासणी, पुढचा भार ठरवून घेणं आणि घरी बेसमेंटमध्ये रोज मेहनत, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं.

आता सर्वांत घातक समजूत: दुखत नाही, म्हणजे बरं झालं. मोठी माणसं तिचं फळ स्वतः भोगतात. शाळकरी खेळाडूंबाबत मात्र ती आपण आईबाप बाळगतो आणि भोगतात मुलं. सॉकर आणि बास्केटबॉलमध्ये मुलींचा एसीएल मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतो. ऑपरेशन होतं, चार महिन्यांत मुलगी जिना धडाधड उतरू लागते, सहाव्या महिन्यात संघाची निवड येते आणि घरात सगळ्यांचा धीर सुटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेजियन अभ्यासात एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांवर दोन वर्षं नजर ठेवली होती. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या पार करून परतलेल्यांपैकी ५.६ टक्के पुन्हा जखमी झाले. त्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के. माणसं थोडी होती, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण एवढी तफावत पाहून आईबापांनी डोळे मिटून घ्यावेत का?

या कसोट्या गूढ नाहीत. मांडीचा जोर यंत्रावर मोजतात आणि दुखऱ्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के यावा, अशी अपेक्षा धरतात. मग एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायला सांगतात, अंतर टेपनं मोजतात आणि उतरताना गुडघा आत वळतो का हे पाहतात. शाळेचा परतीचा कागद भरण्याआधी फिजिओकडे हे आकडे मागा. कॅलेंडर पाहून 'आता खेळू दे' म्हणणाऱ्या कोणालाही, मग तो कोच असो वा घरातलं वडीलधारं माणूस, हे आकडे दाखवा. ते अजून नव्वदच्या खाली असतील, तर निवड चाचणीच्या दिवशी मुलीला घेऊन व्यायामालाच जा.