विश्लेषण : बोल्सोनारो यांना शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती मोराएस कोण? त्यांच्यावर टीका का होते?

ब्राझीलचे माजी अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना सत्ता उलथवण्याच्या कटाबद्दल ११ सप्टेंबर २०२५ रोजी २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा झाली. हा खटला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्झांद्रे द मोराएस यांच्याकडे होता. समर्थक त्यांना लोकशाहीचे रक्षक मानतात, विरोधक हुकूमशहा म्हणतात. एका न्यायमूर्तीच्या हाती एवढे अधिकार आले कसे?

मोराएस कोण आहेत?

साओ पावलो येथे १९६८ मध्ये जन्मलेले मोराएस आधी सरकारी वकील होते. पुढे ते साओ पावलो राज्याचे सुरक्षा सचिव आणि २०१६ मध्ये देशाचे न्यायमंत्री झाले. एका न्यायमूर्तींच्या विमान अपघातातील मृत्यूनंतर २०१७ मध्ये अध्यक्ष मिशेल टेमर यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. तेव्हा विरोध डाव्यांचा होता. आज डावे त्यांची पाठराखण करतात आणि उजवे त्यांच्यावर तुटून पडतात.

अधिकार कुठून आले?

मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने न्यायमूर्तींविरुद्धच्या धमक्या आणि खोट्या बातम्यांची चौकशी स्वतःहून सुरू केली. एरवी प्रकरणे सोडतीने वाटली जातात. ही चौकशी मात्र सरन्यायाधीशांनी थेट मोराएस यांच्याकडे सोपवली. जून २०२० मध्ये न्यायालयाने १० विरुद्ध १ मतांनी ती वैध ठरवली. याच चौकशीतून समाजमाध्यमांवरील खाती बंद करण्याचे, छाप्यांचे आणि अटकेचे आदेश निघाले. २०२२ च्या निवडणुकीत मोराएस निवडणूक न्यायालयाचेही प्रमुख होते. बोल्सोनारो हरले आणि ८ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या समर्थकांनी संसद, सर्वोच्च न्यायालय आणि अध्यक्षांच्या कार्यालयावर हल्ला केला.

मस्क आणि ट्रम्प यांच्याशी वाद काय?

खाती बंद करण्याचे आदेश न पाळल्याने आणि देशात कायदेशीर प्रतिनिधी न नेमल्याने मोराएस यांनी ऑगस्ट २०२४ अखेर इलॉन मस्क यांच्या ‘एक्स’वर बंदी घातली. कंपनीने दंड भरला, प्रतिनिधी नेमला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ती उठली. बोल्सोनारो यांच्यावरील खटल्यामुळे ट्रम्प प्रशासनाने जुलै २०२५ मध्ये मोराएस यांच्यावर निर्बंध लादले, ब्राझीलच्या अनेक वस्तूंवर ५० टक्के शुल्क लावले. हे निर्बंध डिसेंबरमध्ये मागे घेण्यात आले.

आक्षेप कोणता?

सरकारी पक्षाच्या मते कटात मोराएस यांच्याच हत्येची योजना होती. मग ज्याच्या जिवावर बेतले, त्यानेच न्यायनिवाडा करावा का? निकाल पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ४ विरुद्ध १ मतांनी दिला, हे समर्थकांचे उत्तर. मात्र विरोधी मत देणारे न्यायमूर्ती लुईझ फुक्स यांनी हा खटला चालवण्याच्या न्यायालयाच्या अधिकारावरच प्रश्नचिन्ह उभे केले.

पुढे काय?

निवृत्तीचे वय ७५ असल्याने मोराएस २०४३ पर्यंत पदावर राहू शकतात. त्यांना हटवण्याचा अधिकार फक्त सिनेटला आहे आणि त्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. सिनेटच्या ८१ पैकी ५४ जागांसाठी ऑक्टोबर २०२६ मध्ये मतदान ठरलेले आहे. त्यामुळे बोल्सोनारो समर्थकांच्या दृष्टीने अध्यक्षपदाइतकीच ही निवडणूकही महत्त्वाची आहे.