आपल्या खर्चाचे सूत्र आपण लिहू



विदर्भ, मराठवाडा, खानदेशातली आपली पोरेपोरी पोटासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीला जाऊन राहिली आहेत. २००१ साली सुरू झालेला एमएस-सीआयटीचा वर्ग त्यांतल्या अनेकांनी केला. आता कचेरीत बसून एक्सेलच्या तक्त्यात ती दुसऱ्यांचा हिशेब मांडतात. कोणी गोदामाचा, कोणी कारखान्याचा. इंडियाचा पैन् पै हिशेब भारतातली पोरे ठेवतात आणि त्यांच्या बापाच्या कापसाला क्विंटलमागे किती खर्च आला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

आमचे म्हणणे एवढेच : दिवाळीला पोरगी घरी आली की तिच्याकडून हे सूत्र शिकून घ्या. तिने हिशेब करून देऊ नये, करायला शिकवावे. मोबाइलवरही जमते.

तक्त्यातल्या प्रत्येक खान्याला पत्ता असतो. उभ्या रांगेला इंग्रजी अक्षर, आडव्या ओळीला आकडा. बी२ मध्ये निंदणीचे मजूर लिहा, १२. सी२ मध्ये मजुरी, ३००. डी२ मध्ये लिहा : =बी२*सी२. उत्तर येते ३,६००. (अक्षरे इंग्रजीच टाइप करायची.) नवशिक्याच्या चुका दोन. बरोबरचे चिन्ह आधी द्यायचे राहते, मग हिशेब होतच नाही. किंवा पत्त्याऐवजी आकडेच लिहिले जातात : =१२*३००. उत्तर तेच येते, पण उद्या मजुरी ३५० झाली तरी ते हलत नाही. पत्ता लिहिला असेल तर एक आकडा बदलताच खालची बेरीजही बदलते.

कोरडवाहूला हेच हवे. समजा, नांगरटीपासून फवारणीपर्यंत एकरी ३०,००० रुपये गेले आणि वेचणी किलोला १० रुपये पडली. कापूस ८ क्विंटल झाला तर क्विंटलचा खर्च ४,७५०. पावसाने दगा दिला, ५ क्विंटलच झाला, तर ७,०००. तीनच झाला तर ११,०००. पिकाचा एक आकडा बदलून पाहा, कर्ज कुठून येते ते दिसेल.

आता सरकारचे सूत्र पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला, संकरित ज्वारीचा ३,६९९. कापसाचा खर्च धरला ५,१४०, ज्वारीचा २,४६६. त्याची ही दीडपट. गुणाकार बिनचूक आहे. पण खर्चात धरले काय? रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज यांचे खाने त्या बेरजेत नाहीत. शिवाय हा आकडा देशभराच्या सरासरीचा. त्यात ओलिताचा कापूसही आला. भाव पाडायला दरवेळी लाठी लागत नाही, बेरजेतून दोन खाने वगळले तरी पुरते.

म्हणून आपल्या तक्त्यात ते दोन्ही खाने ठेवा. घरच्या लक्ष्मीच्या वेचणीची मजुरी ठेवा. बैलाचा चारा ठेवा. मात्र एकही आकडा फुगवू नका. खोटा आकडा घातला तर तक्ता खोटेच उत्तर देईल आणि सरकारी बाबू नेमके तेवढेच बोट ठेवून बाकीचा खरा हिशेब उधळून लावेल.

घामाचे दाम मागायचे तर घामाचा हिशेब आपल्या हातचा हवा. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने निदान पाच शेतांचे तक्ते आणावेत. भाषणे कमी झाली तरी चालतील.