फुकटचा दुभाषी आणि आपली जबाबदारी

आमच्या शेतकरी बंधूंना हल्लीं जे कागद रोज हाताळावे लागतात, त्यांपैकीं पुष्कळांची भाषा त्यांच्या ओळखीची नसते. औषधाच्या डब्यासोबतचें पत्रक, ठिबक संचाची माहितीपुस्तिका, बँकेच्या कर्जाचा करारनामा, यांतील बराचसा मजकूर इंग्रजी असतो. कीटकनाशकाच्या पत्रकावर हिंदी व इंग्रजीखेरीज त्या प्रदेशाची भाषाही असावी, असा १९७१ च्या नियमांचा दंडक आहे. परंतु तीं मराठी अक्षरें कित्येकदां इतकीं बारीक छापलेलीं असतात कीं, साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना तीं असून नसल्यासारखींच.

या अडचणीवर आतां एक फुकटचा दुभाषी घरोघर आला आहे. गुगल कंपनीच्या भाषांतर-यंत्रांत २०१३ सालीं मराठीचा समावेश झाला. केंद्र सरकारनेंही २०२२ सालीं ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला कीं, मराठी मजकूर पडद्यावर उमटतो. भाषा आधीं डाउनलोड करून ठेवली, तर शेतांत रेंज नसतांनाही कामापुरतें भाषांतर मिळतें. दाम लागत नाहीं, कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यानें या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. मात्र दुभाष्यानें सांगितलेलें समजून घेणें हें काम आपलें आहे, आणि तेथेंच आपण चुकतों.

गेल्या रब्बीची गोष्ट. घोड नदीकांठच्या आमच्या एका शेजाऱ्यानें कांद्यांत फवारावयाच्या तणनाशकाचें पत्रक मोबाईलवर वाचलें. ‘प्रति हेक्टर ५०० मिलिलिटर’ असें भाषांतर अगदीं बिनचूक आलें. त्यानें तेवढें औषध एका एकराला वापरलें, म्हणजे सुमारें अडीचपट. आठ दिवसांत पातीचे शेंडे करपले व निम्मा कांदा पोसलाच नाहीं. यंत्र चुकलें नव्हतें, शेजारीही निरक्षर नव्हता. चूक झाली ती हेक्टर आणि एकर यांच्यामधल्या अंतरामुळें.

हें अंतर मीं महसूल खात्याच्या नोकरींत तीस वर्षें पाहिलें आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरांत लिहिलेलें. विचारणारा शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलणारा. एक हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर व एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, हें मीं किती जणांना सांगितलें असेल याची गणती नाहीं. आणखी एक कबुली दिली पाहिजे. आम्ही कारकून ज्या नोटिसा लिहीत होतों, त्या मराठींतच असत. तरी त्या हातांत घेऊन माणसें ‘भाऊसाहेब, यांत काय म्हटलें आहे?’ असें विचारीत येत. भाषा आपली असली म्हणून अर्थ पोंचतोच असें नाहीं.

दौंड तालुक्यांतील केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. बायबल सामान्य वाचकाला साध्या मराठींत कळावें, म्हणून त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षें त्या कामीं खपल्या. १९२२ सालीं त्या वारल्या. आश्रमाच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच छापलेला तो ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. वाचणाऱ्याचा धर्म कोणताही असो, भाषांतराची कसोटी ‘त्याला कळलें कीं नाहीं’ हीच होय.

यंत्राला ती कळकळ नाहीं. ती आपण पुरविली पाहिजे. पत्रकांतील प्रत्येक आंकडा व माप मूळ कागदाशीं ताडून पाहावें आणि मगच एकराचा हिशेब करावा. ‘प्रतीक्षा कालावधी’ असा शब्द आला, तर शेवटची फवारणी व काढणी यांमध्यें सोडावयाचे दिवस असा त्याचा अर्थ समजावा. तो पाळला नाहीं तर आपलें औषध दुसऱ्याच्या ताटांत विष होऊन जातें. शंका राहिल्यास कृषि खात्याच्या माणसाला विचारल्याविना टाकी भरूं नये. केवळ मोबाईलच्या भाषांतरावर विसंबून करारनाम्यावर सही करूं नये. आधार व खातेक्रमांक झाकूनच कागदाचें चित्र घ्यावें. दुभाषी फुकटचा असला तरी त्याच्यापुढें घरचें सर्व मांडूं नये.

यंत्र आलें, मग मराठी पत्रकाचा आग्रह कशाला, असें कोणी म्हणेल. तें मला मान्य नाहीं. ज्याला विष हाताळावयाचें आहे, त्याला त्याची सूचना स्वतःच्या भाषेंत व वाचतां येईल अशा अक्षरांत मिळणें हा त्याचा हक्क आहे. विकणाऱ्यानें तें ओझें शेतकऱ्याच्या मोबाईलवर ढकलूं नये.

शेवटीं एक सूचना. आपल्या संघाच्या मासिक सभेला प्रत्येक सभासदानें त्या महिन्यांत अडलेला एक कागद आणावा. तरुणांनीं तो मोबाईलवर वाचावा, जाणत्यांनीं मापें तपासावीं, आणि एकर-गुंठ्यांच्या हिशेबानें साध्या मराठींत लिहून तो फलकावर लावावा. आमच्या शेजाऱ्याला असा एखादा फलक वेळेवर दिसला असता, तर त्याचा कांदा वांचला असता.