आपा, ही पढाई कसली?

मगरीबची नमाज उरकून मी पोळपाट पुढे ओढला होता, तेवढ्यात दार वाजले. दारात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा उभे. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर बावीस वर्षे उभा राहिलेला हा माणूस. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हातातला छापील कागद पुढे करून म्हणाले, "आपा, ये पब्लिक पॉलिसी क्या चीज है? पोरगी म्हणते, बीए झाले, आता दोन वर्षं हेच शिकायचंय. वकील होणार का? कलेक्टर होणार का? की कॉलेजात शिकवणार?"

तिन्ही प्रश्नांना खरे उत्तर ‘नाही’ असेच होते. मी चहा ठेवला.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. पण गेल्या काही महिन्यांत आपल्या वाचकांपैकी तीन-चार पालकांनी मला हेच विचारले, म्हणून सगळे सांगते. त्यात माझी चूकही आहे. तीही सांगते.

तिच्या अब्बांना मी आरटीईचे उदाहरण दिले, कारण ते आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. गरिबांच्या मुलांना खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या जागा देण्याची गरज नाही, असे ठरले. पुढे १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या काळात कितीतरी आईबाप फॉर्म हातात घेऊन फिरत होते. आता हे एक किलोमीटर कुणी ठरवले? त्या एक किलोमीटरातल्या सरकारी शाळेत वर्ग किती, शिक्षक किती, हे कुणी मोजले? खासगी शाळांना द्यायची फी थकते ती का? निर्णयाआधी आणि निर्णयानंतर असले प्रश्न विचारायचे, आकडे जमवायचे, कायदा वाचायचा, खर्चाचा हिशोब मांडायचा, हे शिकवणारी ही पदवी. आपण सच्चर अहवालाचे नाव जलशांतून ऐकतो. २००६ सालचा तो अहवाल गाजला, कारण त्यात गाऱ्हाणी आकड्यांत मांडली होती. त्या समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थशास्त्रज्ञ होते. आकडे जुळवणारे कुणीतरी लागतेच.

"मग नोकरी?" अब्बांनी विचारले. तेही खरेच सांगितले. संशोधन संस्था, सामाजिक संस्था, सरकारला सल्ला देणाऱ्या कंपन्या, सरकारी योजनांचे प्रकल्प कक्ष, आमदार-खासदारांसाठी अभ्यास करून देण्याचे काम. बरेचसे काम कंत्राटी, अकरा महिन्यांचे. पेन्शन नाही. यूपीएससीसाठी ही पदवी लागत नाही, तिथे कोणताही पदवीधर बसतो. ज्याला यूपीएससीच द्यायची आहे त्याने त्यासाठी म्हणून दोन वर्षे आणि लाखो रुपये इथे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अब्बांच्या हातातला कागद एका खासगी विद्यापीठाचा होता. प्रवेश मिळाल्याचे अभिनंदन, फीमध्ये चाळीस टक्के ‘स्कॉलरशिप’, आणि दहा दिवसांत जागा राखण्यासाठी मोठी रक्कम भरा. ती स्कॉलरशिप वजा करूनही दोन वर्षांचा आकडा वसतिगृहासकट अकरा लाखांवर जात होता. अब्बा घराचे कागद गहाण ठेवायला तयार होते. घर म्हणजे दोन खोल्या.

यातली मेख वेळापत्रकात आहे, आणि ती आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. खासगी विद्यापीठांची पत्रे फेब्रुवारी-मार्चमध्येच येऊ लागतात. सरकारी संस्थांचे निकाल मे-जूनपर्यंत लांबतात. मधल्या तीन महिन्यांत घाबरलेला बाप पैसे भरून मोकळा होतो. टिसचा पब्लिक पॉलिसी अँड गव्हर्नन्सचा एमए हैदराबादच्या केंद्रात आहे. २०२४ पासून टिसचे प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतात. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा वेगळी. पवईच्या आयआयटीतही मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी आहे, तिची निवडपद्धत आणखी वेगळी. म्हणजे डिसेंबरात जागे झालात तर ठीक, मार्चमध्ये जागे झालात तर हातात फक्त महागडे पत्र उरते. सरकारी म्हणजे स्वस्तच, असेही समजू नका. लॉ स्कूलची फी लाखांत आहे. त्या मानाने मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणचा एमए पुष्कळ कमी पैशांत होतो, पण मुंबईत राहायचे कुठे हा प्रश्न उरतो. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार फीत आणि वसतिगृहात सवलत मिळते. तिथे पब्लिक पॉलिसी नाही तर ‘डेव्हलपमेंट’चा एमए पाहावा. दोन्ही विषय शेजारीशेजारीच आहेत.

मुलीने सुदैवाने सीयूईटी दिली होती. मी म्हटले, "पैसे भरू नका, थांबा." आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. पैसे भरावेच लागले, तर प्रवेश रद्द केल्यास फी कधीपर्यंत परत मिळते हे लेखी घ्या. यूजीसी यावर परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यावी, असा आदेश होता. त्या-त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे.

ते थांबले. माझ्या शब्दावर थांबले. आणि मग माझ्यामुळेच गाडी घसरली.

त्यांचे कुटुंब मुस्लिम ओबीसींत मोडते. मुलीकडे नॉन-क्रिमीलेअर दाखला होता, बीएच्या प्रवेशासाठी काढलेला. ती दाखवायला आली, तेव्हा मी वरवर पाहिले आणि म्हटले, "हाच चालतो, मुदत आहे ना अजून." तो दाखला राज्याच्या नमुन्यातला होता. केंद्राच्या संस्थांना केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. जात राज्याच्या यादीत असून भागत नाही, केंद्राच्या यादीतही असावी लागते. पडताळणीत दाखला नाकारला गेला. नवा आणायला चार दिवस दिले होते. सेतू केंद्रातून प्रांत कार्यालयात फाईल जाऊन दाखला हाती यायला सोळा दिवस लागले. जागा गेली. खासगी विद्यापीठाची मुदत तर केव्हाच संपली होती.

वीस वर्षे मी मुलांचे फॉर्म भरून देते आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितले, चूक मुलीची नाही, माझी आहे. अब्बा काही बोलले नाहीत. अम्मी विड्या वळत होती, मान वर न करता म्हणाली, "होतं आपा. पण आता बिरादरीत विचारतात, बीए झालं, मुलगी घरी का बसलीय?" हा प्रश्न किती जड असतो हे तुम्हा वाचकांना सांगायला नको. एक स्थळ आलेही होते, मुलगा चांगला होता. मी निकाहच्या विरोधात बोलायला गेले नव्हते, बोललेही नाही. एवढेच म्हटले, "एक वर्ष द्या. मुलगी घरी बसणार नाही, काम करेल."

आणि तिने केले. एका संस्थेच्या सर्वेक्षणात घरोघर फिरून माहिती भरायचे काम मिळाले, महिना चौदा हजार. मला वाटते, त्या वर्षाने तिला पदवीच्या आधीच अर्धी पदवी शिकवली. पाहणीच्या कागदावर ‘कुटुंब’ म्हणजे कोण, एका चुलीवर जेवणारे की एका छताखाली राहणारे, यावरून आकडा कसा बदलतो हे तिने उन्हात फिरून पाहिले. एक्सेल शिकली. पगारातले साठ-सत्तर हजार साठवले. पुष्कळ संस्था मुलाखतीत कामाचा अनुभव विचारतात, आणि बीएनंतर लगेच गेलेल्या मुलांपेक्षा असा अनुभव घेतलेली मुले तिथे बोलू शकतात. म्हणून माझा आता आग्रहच असतो, आधी एक-दोन वर्षे काम, मग ही पदवी. मुख्यमंत्री फेलोशिपसाठीही वर्षभराचा अनुभव मागतात. (हे सुचवण्याचा अधिकार मला चुकीतून मिळाला, हे खरे.)

गणिताची भीती हा दुसरा धोंडा. कलाशाखेच्या मुलांना वाटते हा राज्यशास्त्राचा विषय, आणि पहिल्याच सत्रात अर्थशास्त्र व संख्याशास्त्र समोर येते. तिला मी एनसीईआरटीची अकरावीची अर्थशास्त्रासाठीच्या संख्याशास्त्राची आणि बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके दिली. ही संकेतस्थळावर फुकट आहेत, उर्दूतही आहेत. आधी उर्दूतून वाचून घेतले, मग इंग्रजीतून.

अर्जासोबत ‘मला हे का शिकायचे आहे’ असे पानभर लिहायचे असते. तिचा पहिला मसुदा कुठून तरी उतरवलेला, ‘लहानपणापासून देशसेवेची ओढ’ वगैरे. मी फाडला नाही, पण बाजूला ठेवला. विचारले, "रेशनच्या दुकानात अम्मीचे काय होते?" विड्या वळून वळून अम्मीच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. मशीनवर अंगठा लागत नाही, कधी तीन-तीन फेऱ्या होतात. शिधा आहे, कार्ड आहे, आधार आहे, तरी माणूस रिकाम्या पिशवीने परत येतो. तिने ते लिहिले. दुकानदाराची अडचणही लिहिली, कारण मशीनने नाकारल्यावर तोही अडकतो. दखनी, उर्दू, मराठी, जरा तेलुगू, एवढ्या भाषांत ती मोहल्ल्यात बोलू शकते आणि सरकारचा जीआर मराठीतून वाचू शकते, हेही लिहायला लावले. आपली मुले याला कमीपणा समजतात. या कामात ती पुंजी आहे.

आता दाखल्यांविषयी, कारण आता मी त्यात पक्की झाले आहे. ओबीसी असाल तर केंद्रीय नमुना, १ एप्रिलनंतरचा. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाका. जे शेख, सय्यद, पठाण ओबीसी यादीत नाहीत त्यांना वाटते आपल्याला काहीच नाही. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांना म्हणजे ईडब्ल्यूएसला दहा टक्के जागा आहेत आणि त्यात धर्माची अट नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, शिवाय जमीन आणि घराच्या मर्यादा आहेत. हा दाखलाही दरवर्षी नवा लागतो. तिसरे, नावाचे स्पेलिंग. ‘शेख’ हे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, असे आपल्याकडे घरोघरी आहे. फॉर्म भरण्याच्या चार महिने आधी ते एकसारखे करून घ्या.

पैशांचे म्हणाल तर जुन्या आशेवर राहू नका. मौलाना आझाद फेलोशिप अजून मिळते असे पुष्कळांना वाटते. ती एमफिल-पीएचडीसाठी होती आणि २०२२-२३ पासून बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजनाही तेव्हाच बंद झाली. पीएम-विद्यालक्ष्मीमध्ये निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सवलत आहे. पण व्याज ते व्याजच. तिच्या अब्बांना ते नको होते. यावर फतवा देणे माझे काम नाही, ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारावे. मी एवढेच केले, की कर्जाचा प्रश्न येण्याआधी वहीत आकडा मांडायला लावला. फी, वसतिगृह, खाणावळ, लॅपटॉप, चार वेळा ये-जा. मग त्याखाली तिची बचत, मामूंनी दिलेले कर्ज-ए-हसना आणि जमातीच्या ट्रस्टने पहिल्या वर्षाच्या वसतिगृहासाठी दिलेली मदत. पहिले वर्ष बसले. दुसऱ्या वर्षाला चाळीस हजार कमी पडतात, ते अजूनही कमीच आहेत.

दुसऱ्या वेळी जागा मिळाली, हैदराबादला. सोडायला अब्बा स्वतः गेले. वसतिगृह पाहिले, वॉर्डन बाईंशी बोलले, मेसमध्ये जेवले आणि रात्रीच्या गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाळीला हजर.

मागच्या जुम्याला मुलीचा फोन आला. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी सात. रडत नव्हती, चिडली होती. वर्गातली एक मुलगी अर्थशास्त्रात बीए करून आली आहे, ती रात्री शिकवते. त्या बदल्यात ही तिला मराठी जीआर वाचून दाखवते, तिच्या प्रबंधासाठी. मी विचारले, "अब्बांना सांगितलेस मार्क?" म्हणाली, "सांगितले. ते म्हणाले, पहिल्या महिन्यात माझाही टॉवेल वाकडाच निघायचा."