चॅनल कोणाच्या नावावर आहे?

मागच्या आठवड्यात जठारपेठेतल्या एका काकूंचा फोन आला. "भाऊ, तुमी पत्रकार आहात, मले एक सांगा. माह्या चॅनलचा पासवर्ड तो पोरगा देऊन नाही राह्यला. आता कोठी जाऊ?"

काकूंचं नाव लिहीत नाही. त्यांना गिऱ्हाईक पाहिजे, कीव नको. सरगुंडे, कुरडया, मुगवड्या, ठेचा, काळा मसाला असा त्यांचा घरगुती धंदा आहे. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण आणि मदतीला दोन बाया. माल एक नंबर, हे मी खाऊन सांगतो.

गेल्या वर्षी त्यांना कोणीतरी पटवलं की आता यूट्यूब चॅनलशिवाय धंदा नाही. एक पोरगा भेटला. महिन्याला साडेतीन हजार रुपये, आठ व्हिडिओ आणि वर पाच हजार सबस्क्रायबरची गॅरंटी. काकूंनी चार महिने पैसे भरले, म्हणजे १४ हजार. गॅरंटी खरी निघाली, सबस्क्रायबर पाच हजारांच्या वर गेले. ऑर्डरी आल्या अकरा. त्यातल्या चार नात्यातल्या.

पाचव्या महिन्यात काकूंनी पैसे थांबवले. तेव्हा कळलं की चॅनलवर फोटो काकूंचा, आवाज काकूंचा, स्वयंपाकघर काकूंचं, पण चॅनल उघडलेलं त्या पोराच्या जीमेलवर. म्हणजे कागदोपत्री मालक तोच.

पोरानं हौसेनं पाठवलेले स्क्रीनशॉट मी पाहिले. कोणत्या शहरातून किती लोक पाहतात, ते यूट्यूब सांगतं. त्या यादीत अकोला वर कुठंच नाही, पुणेही नाही. देशाबाहेरची शहरं होती, जिथं सरगुंडा म्हणजे काय हे कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. सबस्क्रायबर विकत आणले होते, दुसरं काय. यूट्यूबच्या नियमात हे बसत नाही. असे सबस्क्रायबर काढून टाकतात, कधी चॅनलही बंद करतात. आणि ते राहिले तरी काय फायदा? जे व्हिडिओ पाहत नाहीत ते कुरडया काय घेणार?

आता कोणी म्हणेल, हे सगळं फसवंच आहे. तसं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी आपल्याला माहीत आहेत. २०२० मध्ये नातवानं मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ काढले आणि 'आपली आजी' हे चॅनल उभं राहिलं. आधी लोकांनी आजींच्या हातची पद्धत पाहिली, ती घरी करून पाहिली, आणि मग मसाला मागितला. मधुरा बाचल यांनी 'मधुराज रेसिपी' २००९ साली सुरू केलं, मसाल्याचा धंदा त्याच्या कितीतरी वर्षांनी आला. दोघींच्याही बाबतीत विश्वास आधी आणि पाकीट नंतर. तीन महिन्यांची गॅरंटी यात कुठंच नाही.

आपल्या बाजूचंच उदाहरण घ्या. शेगावच्या कचोरीनं कोणतं चॅनल काढलं होतं? स्टेशनावरच्या प्रवाशांनी ती खाल्ली, बांधून नेली आणि गावोगाव नाव केलं. आजचा व्हिडिओ त्या प्रवाशाचं काम करू शकतो, पण तो योग्य गाडीत बसला पाहिजे.

आजींची दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचं चॅनल हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं, पण नाव मोठं होतं, बातम्या झाल्या होत्या. जठारपेठेतल्या काकूंसाठी कोण धावणार? आणि त्याच वर्षी २९ जूनला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण होतं, त्यावर माझा वाद नाही. पण आपल्या गावखेड्यातल्या कितीतरी पोरांनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. दुसऱ्याच्या जागेत दुकान टाकलं की हे होतंच. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर आपल्या वहीत पाहिजेत.

धंदेवाल्या भावाबहिणींना माझं सांगणं साधं आहे.

चॅनल आपल्याच जीमेलवर, आपल्याच मोबाईल नंबरवर उघडा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मदतीला पोरगा ठेवा, त्याची मेहनत आहे, पैसेही द्या. पण यूट्यूबमध्ये दुसऱ्याला पासवर्ड न देता कामापुरती परवानगी देता येते. मालकी आपल्याकडेच ठेवा.

सबस्क्रायबर मोजू नका, फोन किती आले ते मोजा. यूट्यूबच्या जाहिरातीतून पूर्ण कमाई सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज. घरगुती धंद्यानं त्या मागं लागूच नये. तुमची कमाई पाकिटातून आहे. अकोल्यातली दोनशे घरं आणि पुण्याच्या वाकड-हिंजवडीत राहणारी आपली पोरं, एवढं गिऱ्हाईक पुरतं. त्या पोरांना मायच्या हातचे सरगुंडे आठवतात. त्यांच्यासाठी गव्हाचं पीठ कसं मळलं, ऊन किती दिवस दिलं, ते दाखवा. ड्रोन नको, गाणं नको. भाव, पत्ता, फोन नंबर आणि पार्सल कसं पोचेल, हे व्हिडिओत स्पष्ट सांगा. अर्ध्या व्हिडिओंमध्ये भावच नसतो. "इनबॉक्स करा" म्हणे. गिऱ्हाईक तिथूनच पळते.

गुगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट होते, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉगही फुकट आहे. आणि खायचा माल विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करून तो १४ आकडी नंबर पाकिटावर टाका. पुण्यातला अनोळखी माणूस तो पाहूनच पैसे पाठवतो.

आता आमच्या जमातीबद्दल. इथं मला स्वतःकडंही बोट दाखवायचं आहे.

आज गावात बूम घेऊन फिरणारे आम्ही सगळे व्हिडिओवाले झालो. छापील पेपरात जाहिरात वेगळी आणि बातमी वेगळी, हे डिप्लोमाला असताना पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तरी दोन वर्षांपूर्वी मी एका हॉटेलाचा व्हिडिओ दोन हजार रुपये घेऊन केला आणि "आज आम्हाला सापडली भन्नाट चव" म्हणून टाकला. सापडली कसली, त्यांनीच बोलावलं होतं. पैसे घेतल्याचं मी व्हिडिओत सांगितलं नाही. एका ओळखीच्या माणसानं तो पाहून तिथं घरचा कार्यक्रम केला आणि नंतर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तू खाल्लं होतंस का तिथं?" मी खाल्लं नव्हतं. उत्तर देता आलं नाही.

पैसे घेतले असतील तर व्हिडिओत तसं सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची सूचना मे २०२१ पासून आहे, केंद्र सरकारनंही जानेवारी २०२३ मध्ये तेच बजावलं. नियम नसता तरी सांगायलाच पाहिजे होतं. उद्यापासून माझ्या पेजवर पैशाच्या प्रत्येक व्हिडिओवर सुरुवातीलाच 'जाहिरात' लिहिलेलं दिसेल. जुना तो व्हिडिओ काढून टाकला आहे. बाकी पत्रकार मित्रांनी आपापलं पाहावं. आणि "पैसे द्या, नाही तर वाईट व्हिडिओ टाकतो" म्हणणारे जे दोन-चार आहेत, त्यांना पत्रकार म्हणणंच आता बंद करू.

शेवटचं मागणं महापालिका, माविम आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे. बचत गटाच्या बायांना आपण पापड-लोणच्याचं प्रशिक्षण देतो, जे त्यांना आधीच येतं. पासवर्ड सांभाळणं, खातं स्वतःच्या नावावर उघडणं, करार लेखी घेणं, हे दोन दिवस शिकवा. खर्च फार नाही, एक हॉल आणि एक माणूस. त्या हॉलमध्ये मी फुकट यायला तयार आहे.

काकूंचं काय झालं? जुनं चॅनल सोडून दिलं. रविवारी आम्ही त्यांच्याच मोबाईलवर नवं उघडलं. पहिला व्हिडिओ चाळीस सेकंदांचा, मुगवड्या घालतानाचा, भाव आणि नंबरासकट. मंगळवारपर्यंत ६३ लोकांनी पाहिला, तीन फोन आले. काकू म्हणाल्या, "भाऊ, त्रेसष्टच झाले ना!"

मी म्हटलं, "काकू, तीन फोन आले ते पाहा."