पेंटियम की अ‍ॅथलॉन? मावशीचं बजेट आणि माझा इगो

"ताई, लवकर सांग. साडेआठ हजारवाला घेऊ की नऊ हजारवाला? आई काउंटरपाशीच उभी आहे!"

शनिवारची दुपार. मिसळ हाणून मस्त लोळत पडले होते आणि सांगलीहून मावसभावाचा फोन. खानदानात कुणालाही मोबाइल, प्रिंटर, पेन ड्राइव्ह काहीही घ्यायचं असलं की फोन मलाच येतो. तुमच्याही घरी असा एक बळीचा बकरा असेलच. कदाचित तो तुम्हीच असाल!

मावशीची नोकरी दीड वर्षापूर्वी सुटली. तेव्हापासून ती घरी बसून तीन दुकानांचे हिशेब लिहिते. टॅली, जीएसटीचे रिटर्न, बँकेचे व्यवहार, सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरनं मान टाकली. बजेट दहा हजार, वर एक रुपया नाही. त्यात २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकले की नवा कॉम्प्युटर जुळवायचा विचारही नको. म्हणून सेकंडहँड. दुकानात दोन मशीन समोर. दोन्हींत आठ जीबी रॅम, दोन्हींत एसएसडी. फरक फक्त आतल्या मेंदूचा. एकात इंटेलचा पेंटियम गोल्ड जी५४००, दुसऱ्यात एएमडीचा अ‍ॅथलॉन २००जीई.

मी दोन सेकंदांत निकाल दिला. "अ‍ॅथलॉन. डोळे झाकून!"

आणि मंडळी, इथेच मी माती खाल्ली.

जुनं प्रेम

त्याचं काय आहे, अ‍ॅथलॉन २००जीई हे माझं पहिलं प्रेम. २०१९ साली मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असताना साठवलेल्या पैशांतून मी तो घेतला होता. असाइनमेंट्स, रात्री-रात्रीचं एडिटिंग, अधूनमधून गेम्स... बिचाऱ्यानं सगळं सोसलं. शॉर्ट फिल्म रेंडरला लावायची आणि झोपून जायचं, सकाळी उठून बघायचं झाली का. तरी कधी तक्रार केली नाही पठ्ठ्यानं. त्यामुळे नाव ऐकताच मी पाघळले. मावशीचं काम काय, हे विचारायचंही सुचलं नाही.

फोन ठेवल्यावर मात्र मन खायला लागलं. लॅपटॉप उघडला आणि दोघांची कुंडली मांडली.

कुंडली काय म्हणते?

दोघंही २०१८चे. पेंटियम एप्रिलमधला, अ‍ॅथलॉन सप्टेंबरमधला. नवे असताना पेंटियमची अधिकृत किंमत ६४ डॉलर, अ‍ॅथलॉनची ५५. दोघांतही दोन कोअर, चार थ्रेड. म्हणजे स्वयंपाकी दोनच, पण प्रत्येकाच्या हाताशी दोन-दोन शेगड्या. पेंटियमचा वेग ३.७ गिगाहर्ट्झ, अ‍ॅथलॉनचा ३.२. गरज पडली की वेग आपोआप वाढवायची सोय दोघांतही नाही. वीज आणि उष्णतेचा हिशेब मांडला तर पेंटियम ५८ वॉटचा, अ‍ॅथलॉन फक्त ३५ वॉटचा.

आता प्रत्यक्षात. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये उघडलेले दहा टॅब अशा कामांत पेंटियम पुढे. वेगाचा आकडा मोठा आहे आणि या कामांत एका कोअरचा दम महत्त्वाचा असतो. पण खरं सांगू? शेजारी-शेजारी ठेवले तरच फरक जाणवेल. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर जो "वॉव" येतो, त्याच्यापुढे हा फरक किस झाड की पत्ती!

गेम्स लावले की बाजी पलटते. अ‍ॅथलॉनमध्ये व्हेगा ३ ग्राफिक्स, पेंटियममध्ये यूएचडी ६१०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर इथे अ‍ॅथलॉन सरळ सरळ वरचढ. सेटिंग खाली आणा, रिझोल्यूशन ७२०पी ठेवा, आणि हलके गेम्स आरामात चालतात. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधूनच उसनी घेते. मी पहिलं वर्षभर एकच पट्टी वापरली आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅथलॉनला देत बसले. दुसरी पट्टी लावली आणि मशीनचं रूपच पालटलं.

अ‍ॅथलॉनकडे अजून एक पत्ता आहे. एव्हीएक्स नावाच्या सूचनांचा संच त्याला समजतो, या पेंटियमला समजत नाही. काही नवे गेम्स आणि सॉफ्टवेअर त्याशिवाय सुरूच होत नाहीत.

म्हणजे अ‍ॅथलॉनच ना? मीही तेच म्हणत होते. स्वतःची पाठ थोपटणारच होते, तेवढ्यात...

उद्याचं काय?

विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता गाडी विंडोज ११ची, आणि तिच्यात कुणी बसायचं याची मायक्रोसॉफ्टची यादी आहे. मी यादी उघडली. पेंटियम गोल्ड जी५४०० आहे. अ‍ॅथलॉन २००जीई... नाही!

दोघं एकाच वर्षाचे, एकाच वर्गातले. एक पास, एक नापास.

पण दुकानदार तर म्हणाला होता, "दोन्हीत विंडोज ११ टाकून दिलंय." टाकता येतं हो. तपासणी चुकवून विंडोज ११ चढवायच्या युक्त्या आहेत आणि सेकंडहँडच्या बाजारात त्या सर्रास वापरतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट्स मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझ्यासारखीनं गेम्ससाठी घेतलं तर ठीक. पण मावशीच्या मशीनवर तीन दुकानांचे हिशेब आणि तिच्या बँकेचे पासवर्ड असणार. उद्या काही घोळ झाला तर तिन्ही गिऱ्हाइकं जातील. पाचशे रुपये वाचवायच्या नादात मी तिचा धंदाच टांगणीला लावणार होते.

अ‍ॅथलॉनच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्याचं एएम४ सॉकेट दीर्घायुषी निघालं. मी २०२२ मध्ये त्याच बोर्डाचं बायोस अपडेट केलं आणि २००जीई काढून सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी बसवला. तो विंडोज ११च्या यादीत आहे! पेंटियमच्या बोर्डावर इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीपर्यंतच जाता येतं. तेही काही वाईट नाही, सहा कोअरचा आय५-८४०० बसतो. पण रस्ता तिथेच संपतो.

सो, फंडा क्लिअर आहे. पुढेमागे प्रोसेसर बदलायची तयारी असेल, गेम्स खेळायचे असतील किंवा लिनक्सवर भागत असेल, तर अ‍ॅथलॉन. मशीन घेऊन पुढची तीन-चार वर्षं हातही लावायचा नसेल आणि विंडोजवर पैशांची कामं करायची असतील, तर पेंटियम.

पैसे देण्याआधी

• बॉक्सवरचा स्टिकर बघून भुलू नका. सिस्टिमच्या माहितीत प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा आणि ते विंडोज ११च्या यादीत शोधा.
• बायोसमध्ये टीपीएम सुरू आहे का बघा. इंटेलच्या बोर्डांवर त्याला बहुधा पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम.
• रॅम किती ते विचारा, आणि पट्ट्या किती तेही विचारा.
• एसएसडी नसेल तर प्रोसेसरवर वाद घालूच नका. आधी एसएसडी.

आणि मावशी?

मी धावतपळत फोन लावला. पैसे देऊन झाले नव्हते, नशीब! मावसभाऊ मशीनचं झाकण उघडून आतले फॅन बघत होता.

"मावशी, माझं चुकलं. नऊ हजारवाला घे, पेंटियमवाला."

"अगं, मघाशी तूच म्हणालीस ना, डोळे झाकून?"

"हो, म्हणूनच चुकलं. डोळे उघडून बघायला हवं होतं."

ती हसली. मावसभाऊ मात्र नाही हसला. व्हेगा ३ म्हणजे काय, हे त्या पठ्ठ्यानं आधीच शोधून ठेवलं होतं!

गेल्या आठवड्यात मावशीनं नव्या मशीनवरून पहिलं रिटर्न भरलं आणि स्क्रीनचा फोटो पाठवला. बजेटातले हजार रुपये तिनं डाटा बॅकअपच्या हार्ड डिस्कसाठी बाजूला काढलेत. हे मात्र मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. मावसभाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतोय. बारावीचा निकाल चांगला लागला तर त्याच्यासाठी एक अ‍ॅथलॉन शोधायचं कबूल केलंय. रॅमच्या दोन पट्ट्यांसकट!